जेरोमचा 'बाशी-बाझूक': व्यक्तिचित्र म्हणायचं की अभ्यासचित्र?

पारिजातक

न्यू जर्सीत येऊन अकरा वर्षं झाली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये या काळात किती चकरा झाल्या त्याचा हिशेब नाही. आई-बाबा आले की एक, मुलाच्या शाळेची एक, पाहुणे आले की एक. दर वेळी कुणाला तरी काहीतरी दाखवायचं असतं, त्यामुळे मला स्वतःला काय बघायचंय हे राहूनच जातं. मागच्या शनिवारी पहिल्यांदाच एकटी गेले आणि एकाच चित्रासमोर पाऊण तास उभी राहिले. त्याबद्दल बोलायला इथे आले आहे.

चित्र झां-लेओं जेरोम या फ्रेंच चित्रकाराचं, १८६८-६९ मधलं. कॅनव्हासवर तैलरंग, साधारण ८१ सेंमी उंच आणि ६६ सेंमी रुंद. एक कृष्णवर्णीय माणूस, छातीपर्यंतच दिसतो. मागे काहीही नाही. ना वाडा, ना वाळवंट, नुसता गडद तपकिरी अंधार. डोक्याला रंगीत कापडांचं भरगच्च मुंडासं, त्याला गोंडे. खांद्यामागून वर आलेली बंदूक. अंगात गुलाबी रेशमी अंगरखा. गुलाबी म्हणजे राणी कलर नव्हे. लाल पेरू कापल्यावर आत जो रंग दिसतो ना, तो.

मी आधी त्या रेशमाकडेच बघत राहिले, खोटं कशाला बोलू. माझ्या आजीची पैठणी दुपारच्या उन्हात गॅलरीत टाकलेली असायची, तेव्हा घडीच्या कडेवर उजेड असा सरकायचा. इथे चुणीच्या माथ्यावर तो जवळजवळ पांढरा होतो आणि खोबणीत विटकरी. हात लावला तर कापड थंड लागेल असं वाटतं. मग हळूहळू नजर वर चेहऱ्यावर गेली, आणि तिथून हलेना. मान ताठ. कुणाची मेहेरबानी मागत नाही आणि कुणाला धाकही दाखवत नाही, असा चेहरा.

मग शेजारची माहितीची पाटी वाचली. जेरोम १८६८ च्या सुरुवातीला बारा आठवडे इजिप्त आणि आसपास फिरून आला. तिथून कपडे, हत्यारं घेऊन आला. पॅरिसच्या आपल्या स्टुडिओत एका मॉडेलला ते कपडे चढवले आणि हे चित्र रंगवलं. 'बाशी-बाझूक' म्हणजे तुर्की सुलतानाच्या बाजूने लढणारे बिनपगारी शिपाई. म्हणजे नाव त्या धंद्याचं, आणि चित्रातला माणूस त्या धंद्यातला नाहीच. हा अंगरखा घालून कोण लढाईला जाईल?

तर मग तो कोण? त्याचं नाव काय? पाटीवर नाही.

व्यक्तिचित्र म्हटलं की खाली नाव असतं: अमुक सरदार, तमुक बाईसाहेब. इथे चेहरा इतका नेमका आहे की हा माणूस उद्या समोर आला तर मी ओळखीन. तरी नाव नाही. याला व्यक्तिचित्र म्हणायचं की नाही? आणि नाही म्हणायचं तर मी पाऊण तास कुणाकडे बघत होते? चित्रकलेतलं मला कळत नाही. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते.

जवसतेल

पारिजातकताई, चांगला धागा. मी चाळीस वर्षं ब्रश हातात धरला, त्यातली बरीचशी शिकवण्यात गेली. मूळ चित्र पाहिलेलं नाही, पण मेटने, म्हणजे तुमच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने, आपल्या हजारो चित्रांचे मोठे फोटो सगळ्यांसाठी मोफत खुले केलेत, त्यामुळे साताऱ्यात बसून मला त्या अंगरख्याची एकेक चुणी मोठी करून बघता आली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर शब्दात नाही, कामाच्या पद्धतीत आहे. त्या काळच्या फ्रेंच अकादमिक पद्धतीत मोठं चित्र एकदम कुणी करत नसे. आधी छोटं कच्चं रेखाटन, त्यात कोण कुठे उभा आणि उजेड कुठून एवढंच. मग 'एत्यूद', म्हणजे अभ्यास: हाताचा वेगळा, कापडाच्या चुण्यांचा वेगळा, डोक्याचा वेगळा, मॉडेल समोर बसवून. मग मोठ्या कॅनव्हासवर पातळ तपकिरी रंगात पहिला थर. आणि शेवटी पूर्ण काम. अभ्यासात नाव लिहायचा प्रश्नच येत नसे, कारण तो माणूस मोठ्या चित्रात कुणीतरी दुसराच होणार असे. आज भिकारी, उद्या संत पीटर.

जेरोमचं हे चित्र मधल्या जागी अडकलेलं आहे. मांडणी सगळी हेड स्टडीची: मोकळी पार्श्वभूमी, छातीपर्यंतचा माणूस, एका बाजूने उजेड. पण काम शेवटच्या हातापर्यंत नेलेलं. म्हणून तुम्हाला ते व्यक्तिचित्र वाटलं. माझ्या मते तुम्हाला वाटलं तेच खरं आहे. डोळा, नाक, ओठ यांची मापं ज्याने इतक्या प्रामाणिकपणे घेतली, त्याने त्या माणसाचं व्यक्तिचित्रच केलंय, मग वर नाव काही का देईना.

आता कारागिरीबद्दल. जेरोमचा जन्म १८२४, गाव व्हझूल. पॅरिसला पॉल देलारोशकडे शिकला. १८६३ साली एकोल दे बोझार या पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत सुधारणा झाल्या आणि तिथे पहिल्यांदाच रंगकामाचे वर्ग सुरू झाले. त्याआधी त्या एवढ्या मोठ्या शाळेत फक्त रेखांकन शिकवत. रंग शिकायचा तर खासगी उस्तादाकडे जायचं. नव्या वर्गांसाठी जे तीन शिक्षक नेमले त्यात काबानेल आणि पिल्स यांच्याबरोबर जेरोम. पुढे जवळपास चाळीस वर्षं त्याने शिकवलं. तेव्हा हे चित्र एका मास्तराचं आहे, हे लक्षात ठेवून बघा. त्यात वर्गात सांगण्यासारखी प्रत्येक गोष्ट करून दाखवलेली आहे.

सावली पातळ, उजेड जाड. हा आमच्याकडचाही पहिला धडा. अंधारातला रंग इतका पातळ की कॅनव्हासचा पोत जाणवावा, आणि उजेडात सफेदा भरपूर. ब्रशचे फटकारे मात्र दिसू द्यायचे नाहीत. या गुळगुळीत कामाला फ्रेंच टीकाकार 'लेशे' म्हणत, शब्दशः चाटलेलं. आपण ताट चाटूनपुसून स्वच्छ म्हणतो तसंच. त्यांनी ते नावं ठेवायला म्हटलं. पण करून बघा एकदा. तैलरंग ओला असताना दोन रंगांची कड मऊ ब्रशने इतकी विरवायची की जोड सापडू नये, आणि तरी खालचं हाड हरवू नये. मला आयुष्यात दोन-तीनदाच जमलं असेल.

चारकोल

सर, मी आर्ट कॉलेजात फाउंडेशनला आहे. आमच्याकडे बार्गच्या रेखांकनाच्या अभ्यासक्रमातले प्लेट कॉपी करायला सांगतात, त्यावर जेरोमचं नाव असतं. तोच का हा? आणि एक विचारायचं होतं. सावळी किंवा काळी त्वचा ऑइलमध्ये करताना माझं काम नेहमी मळकं होतं. यात काय केलंय?

जवसतेल

तोच. चार्ल्स बार्ग आणि जेरोम यांनी मिळून तो अभ्यासक्रम काढला, १८६६ ते १८७१ च्या दरम्यान. एकूण १९७ लिथोग्राफ, म्हणजे शिळाछापाची चित्रं. पहिल्या भागात प्लास्टरचे पुतळे, दुसऱ्यात जुन्या उस्तादांची रेखाटनं, तिसऱ्यात जिवंत मॉडेल. छापला गुपिल या कंपनीने, आणि गुपिल म्हणजे जेरोमचे सासरे. व्हॅन गॉगने ते प्लेट स्वतःच्या स्वतः बसून कॉपी केले होते, तेव्हा कंटाळा करू नकोस.

त्वचेबद्दल. तू बहुतेक आयव्हरी ब्लॅक या काळ्या रंगाने गडद करतोस आणि सफेद्याने उजळतोस. दोन्हीने रंग मरतो. काळा घातला की माणूस कोळशाचा होतो, सफेदा घातला की राख फासल्यासारखा. गडदपणा बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा निळा मिसळून आण, कुठे ऊब हवी तिथे सिएना वाढव, कुठे थंड हवं तिथे निळा. दुसरी गोष्ट, गडद त्वचेवर उजेड जास्त धारदार पडतो. गोऱ्या गालावर उजेड पसरतो, काळ्या गालावर तो चकाकतो, घासलेल्या तांब्याच्या भांड्यावर चकाकावा तसा. तो चकाकणारा ठिपका त्वचेच्या रंगाचा नसतोच, तो खिडकीच्या रंगाचा असतो. पॅरिसच्या स्टुडिओंना उत्तरेकडची मोठी खिडकी असायची, म्हणजे उजेड थंड, निळसर-राखाडी. कपाळावर आणि गालाच्या हाडावर तसा एकेक ठिपका दे, आणि बाकी चेहरा उबदार ठेव. आरशासमोर बसून स्वतःचाच चेहरा कर. आपल्याकडे गोऱ्या प्लास्टरवर शिकवतात आणि मग सावळी माणसं रंगवायला लावतात, त्यातून हा घोळ होतो.

मुशाफिर

काकांनी कारागिरी छान उलगडली. मला पारिजातक यांचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी थोडा इतिहास लागेल.

'बाशी-बाझूक' याचा तुर्कीत अर्थ साधारण 'डोकं नसलेला', म्हणजे ज्याच्यावर कुणी म्होरक्या नाही, शिस्त नाही असा. पगार नाही, जी लूट मिळेल ती आपली. आपल्याला समजायला अवघड नाही: पेंढारी. मराठी फौजांच्या मागेपुढे राहून लुटीवर जगणारे. आता कल्पना करा, पॅरिसमधला कुणी चित्रकार एखाद्याला भरजरी शेला नेसवून, हातात भाला देऊन 'पेंढारी' असं चित्र काढतो आणि लोक ते खरं मानून घरात लावतात. ते चित्र पेंढाऱ्यांबद्दल काहीच सांगत नाही. पॅरिसकरांना काय बघायला आवडत होतं ते सांगतं.

आणि त्याचा धंदाही होता. १८६३ मध्ये जेरोमने मारी गुपिलशी लग्न केलं. सासरे आडोल्फ गुपिल चित्रांचे मोठे व्यापारी, फोटो आणि छापील प्रती काढून जगभर विकणारे. फ्रेंच लेखक एमिल झोला यांनी तेव्हाच टीका केली होती की जेरोम चित्र काढतो ते त्याच्या हजारो प्रती खपाव्यात म्हणून. १८६८ च्या त्या प्रवासातही मेहुणा आल्बेर गुपिल कॅमेरा घेऊन बरोबर होता, आणि लेओं बोनासारखा व्यक्तिचित्रांत नावाजलेला चित्रकारही. कैरो, सिनाई, जेरुसलेम असा तो तांडा फिरला. जेरोमचंच 'गारुडी' हे चित्र पुढे एडवर्ड सईद यांच्या १९७८ च्या प्राच्यवादावरच्या, म्हणजे पाश्चात्त्यांनी पूर्वेबद्दल रचलेल्या कल्पनांवरच्या, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आलं, ते उगाच नाही.

म्हणून मला त्या रेशमाचं कौतुक करताना जीभ जड होते. चित्रकाराच्या मालकीचे कपडे, त्याच्याच मालकीचा उजेड, आणि आत एक माणूस ज्याचं नाव कुणी विचारलं नाही.

निळी_शाई

मुशाफिर, तुमचा मुद्दा समजतो, पण मला पटत नाही. जेरोमची हमामांची, गुलामांच्या बाजाराची चित्रं घ्या, तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू. तिथे माणसं सामानासारखी मांडली आहेत. या चित्रात त्याने तो सगळा बाजार काढून टाकलाय. पार्श्वभूमी कोरी ठेवलीय. विकायचंच होतं तर मागे एक मशीद आणि दोन उंट घालायला त्याला काय हरकत होती? तो थांबला. माझ्या मते समोरच्या माणसाने त्याला थांबवलं.

त्याच्याच आसपासचं बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियममधलं गाणारा बाशी-बाझूक असलेलं चित्र शेजारी ठेवून बघा. तिथे प्रसंग आहे, गोष्ट आहे. इथे फक्त माणूस आहे.

मुशाफिर

निळी_शाई, उंट नाहीत हे मान्य. पण थांबला म्हणून नाव लिहिलं का? त्या शहरात त्याच दशकात एकाने लिहिलं होतं. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या 'ऑलिंपिया'त, १८६३ च्या, फुलांचा गुच्छ घेऊन आलेली जी कृष्णवर्णीय बाई आहे तिचं नाव लोर. माने यांच्या वहीत तिचा पत्तादेखील आहे, व्हेंतिमिय रस्ता, ११ नंबर, तिसरा मजला. चित्राच्या नावात ती नाही, पण वहीत आहे, म्हणून आज आपल्याला ती सापडते.

त्याहून जुनं उदाहरण जोसेफचं. तो सेंट-डोमिंगचा, म्हणजे आजच्या हैतीचा. मार्सेयमार्गे पॅरिसला आला आणि मादाम साकी यांच्या कसरतीच्या खेळात काम करायला लागला. तिथे तो जेरिको या चित्रकाराच्या नजरेला पडला. त्याचं १८१९ चं 'मेदुसाचा तराफा' आठवतंय ना? बुडत्या लोकांच्या उतरंडीच्या अगदी शेंड्यावर, पाठमोरा, कापड हलवणारा जो माणूस आहे त्यासाठी जोसेफ उभा राहिला असं मानतात. लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियममध्ये जेरिकोने केलेला त्याच्या डोक्याचा तैलरंगातला अभ्यासही आहे. पुढे तो एकोल दे बोझारचा पगारी मॉडेल झाला.

आणि त्यानंतरची गोष्ट मला फार अस्वस्थ करते. रोममध्ये बसलेल्या फ्रेंच चित्रकार अँग्र यांना ख्रिस्त सैतानाला हाकलून देतो असं चित्र करायचं होतं. त्यांनी पॅरिसला निरोप पाठवला की जोसेफचा अमुक पोझमधला अभ्यास करून पाठवा. काम मिळालं थिओडोर शासेरिओला, त्यांच्याच लाडक्या शिष्याला. अभ्यास कशासाठी हवाय हे त्याला सांगितलं नव्हतं. शासेरिओचा जन्म १८१९ चा, हैती ज्या बेटावर आहे त्याच हिस्पानिओला बेटावरचा, आणि त्याच्या आईच्या घराण्यात आफ्रिकी रक्त. त्याने १८३८ मध्ये निळ्याशार आकाशात हात पसरून तरंगणारा जोसेफ रंगवला. ते बघून कुणाला सैतान आठवणार नाही. अँग्र यांनी ते मोठं चित्र कधी केलंच नाही. अभ्यास राहिला, आज तो फ्रान्समधल्या मोंतोबांच्या अँग्र म्युझियममध्ये आहे.

२०१९ मध्ये पॅरिसच्या ओर्से म्युझियमने जेरिकोपासून मातिसपर्यंतच्या कृष्णवर्णीय मॉडेलांवर मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा जिथे नावं सापडली तिथे चित्रांची शीर्षकं बदलली. मारी-गिय्यमिन बेन्वा हिचं १८०० सालचं, लूव्रमधलं 'कृष्णवर्णीय स्त्रीचं व्यक्तिचित्र' तिथे 'माद्लेनचं व्यक्तिचित्र' झालं. नाव शोधलं तर सापडतं कधीकधी. आधी शोधावंसं वाटायला हवं.

पारिजातक

मुशाफिर, हे वाचून काटा आला. मी त्या खोलीतून आनंदात बाहेर पडले होते, आणि तो आनंद मला काढून टाकायचा नाहीये. पण आता त्याच्या शेजारी हेही राहील.

एक मात्र सांगते. मी समोर उभी असताना एक आजी नातवाला घेऊन आल्या, कृष्णवर्णीय, ब्रुकलिनच्या असाव्यात बोलण्यावरून. मुलगा सात-आठ वर्षांचा. तो म्हणाला, हा राजा आहे का? आजी म्हणाल्या, दिसतोय तरी तसाच. आणि त्यांनी त्याला चित्राशेजारी उभं करून फोटो काढला, मुलानेही मान तशीच ताठ केली.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. आमच्याकडे फोंताइन्यस या जुन्या वस्तीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आंतोनियु शाव्हियेर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. त्रिंदाद गोव्याचे, जन्म १८७०, मुंबईच्या जे.जे.त शिकले आणि तिथेच शिकवलं. त्यांची शिस्त याच युरोपीय अकादमिक वळणाची, आधी पुतळे, मग माणूस. पण घरातलीच माणसं त्यांनी पुन्हा पुन्हा बसवली, बायको, मुलगी. त्यामुळे ती नावानिशी आपल्याला माहीत आहेत.

हळदणकरांची 'ग्लो ऑफ होप' तशीच. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ती हातातल्या दिव्यावर तळवा धरलेली बाई बघायला माणसं रांग लावतात. कितीतरी जण ते रवि वर्म्यांचं समजतात, आणि तैलरंगातलं समजतात. ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे आणि जलरंगातलं आहे. त्यासाठी उभी राहिली त्यांची मुलगी गीता, लग्नानंतर कोल्हापूरच्या गीता उपळेकर. २०१८ मध्ये १०२ व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी छापलं की चित्रातली बाई गेली. मॉडेल घरचं असलं की नाव टिकतं. पैसे देऊन बोलावलेलं असलं की नाही टिकत. आमच्याकडेही हेच.

जवसतेल

मांडवीकाठ यांनी शेवटचं वाक्य लिहिलं आणि मी काल रात्री माळ्यावर चढलो. बायको ओरडली, या वयात शिडी कशाला म्हणून. पण एक कॅनव्हास काढायचा होता.

डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षी आमच्याकडे एक म्हातारे गृहस्थ मॉडेल म्हणून यायचे. कॉलेज कुठलं ते राहू द्या. सगळे त्यांना मामा म्हणत. लाल पटका, कानात भिकबाळी, पांढऱ्या कल्लेदार मिशा. वीस मिनिटं पोझ, पाच मिनिटं विश्रांती, असं सकाळभर. हाडं दुखत असणार, पण हलत नसत. विश्रांतीत आम्ही चहाला पळायचो. मामा मात्र उठून एकेका ईझलसमोर जायचे. हात मागे बांधून बघायचे. आम्ही परत आलो की सांगायचे, "ह्यो माझा थोरला भाऊ झालाय." "ह्यो कुणीतरी तालेवार." एका मुलीच्या कॅनव्हाससमोर उभे राहून म्हणाले होते, "ह्यात मी हाय." सरांनी त्याच कॅनव्हासला सगळ्यात कमी गुण दिले, कारण टोन, म्हणजे उजेड-सावलीच्या छटा, चुकले होते.

काल मी माझा कॅनव्हास पुसला. टोन बरोबर आहेत. पटक्याच्या घड्या आज केल्या तर इतक्या चांगल्या होणार नाहीत. मागे माझ्याच अक्षरात लिहिलंय: हेड स्टडी, ऑइल, चार सिटिंग, खाली माझी सही. मामांचं नाव नाही. मला ते कधी माहीतच नव्हतं. चार दिवस रोज तीन तास मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे, त्याच्या बायकोने बघितलं नसेल इतकं, बघत होतो.

जेरोमवर मी इतकं लिहिलं, त्यात एक गोष्ट राहिली होती ती ही.

निळी_शाई

काका... काय बोलू. त्या वर्गातलं कुणी संपर्कात आहे का? ती मुलगी, जिच्या चित्रात मामा होते?

जवसतेल

ती नाशिकला असते. फोन केला. तिला आठवतात, नाव तिलाही माहीत नाही. तिचा कॅनव्हास पानशेतच्या बाजूला भावाच्या घरी आहे, ओल लागून खालचा भाग सुटलाय, चेहरा शाबूत आहे म्हणाली. दिवाळीत बघायला जाणार आहे.

चारकोल

सर, तुम्ही सांगितलं तसं आरशासमोर बसून केलं. सिएना आणि अल्ट्रामरीन. पहिल्यांदाच मळकं नाही झालं. नाक मात्र बाबांचं आलंय.

आणि मुशाफिर सर, जेरोमचे विद्यार्थी कोण होते? कुणी कृष्णवर्णीय होता का?

मुशाफिर

थेट त्याच्या वर्गात होता असं म्हणता येत नाही, पण एक दुवा आहे आणि तो पारिजातक यांच्या घरापासून फार लांब नाही. फिलाडेल्फियाचा थॉमस ईकिन्स १८६६ मध्ये पॅरिसला जाऊन जेरोमच्या वर्गात बसला. म्हणजे हे चित्र होत होतं त्या सुमारास तो तिथे शिकत होता. परत येऊन त्याने पेनसिल्व्हेनिया अकादमीत शिकवलं. तिथे त्याच्या हाताखाली हेन्री ओसावा टॅनर शिकला. टॅनरची आई गुलामीत जन्मलेली होती. १८९१ मध्ये टॅनर पॅरिसला गेला आणि तिथेच राहिला. नातवाला मांडीशी घेऊन बॅंजो शिकवणारा आजोबा त्याने १८९३ मध्ये रंगवला, दोघांवर दोन बाजूंनी दोन उजेड, एक थंड आणि एक उबदार. काकांनी चारकोलला जे सांगितलं ते सगळं त्या एका चित्रात बघायला मिळेल.

आणि ईकिन्सने पुढे स्वतःच्या या शिष्याचं व्यक्तिचित्र केलं. पार्श्वभूमी गडद, कोरी. काळा कोट, खाली गेलेली नजर. शीर्षक आहे 'हेन्री ओ. टॅनर'.

पारिजातक

मी शुक्रवारी परत जाते आहे. शुक्रवारी आणि शनिवारी म्युझियम रात्री नऊपर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी गर्दी ओसरते. काका, तुम्हाला फोटोत न दिसलेलं काही बघून यायचं असेल तर सांगा.

जवसतेल

सांगतो, लिहून घ्या.

आधी दहा-बारा फुटांवरून बघा. चेहरा आधी दिसतो की अंगरखा, ते प्रामाणिकपणे कळवा. मग रखवालदार ओरडणार नाही इतपत जवळ जा आणि जरा तिरकं उभं राहा, म्हणजे दिव्याचा उजेड रंगावरून घसरेल आणि कुठे रंग जाड आहे ते कळेल. सफेदा कुठे उचललेला आहे का, की सगळंच सपाट आहे? मुंडाशाच्या काठाशी बघा, कड धारदार आहे की अंधारात विरलेली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हनुवटीच्या खाली, गळ्यापाशी. गुलाबी रेशमावरचा उजेड उलटून वर त्वचेवर पडायला हवा. आहे का तिथे ती गुलाबी झाक? फोटोत मला कधी दिसते, कधी वाटतं माझ्या स्क्रीनचा दोष. ती असेल तर जेरोमने कापड आणि माणूस वेगवेगळे रंगवले नाहीत, एकाच दुपारी एकाच खिडकीत बसलेले रंगवले.

पारिजातक

लिहून घेतलं. गळ्यापाशी गुलाबी. शनिवारी सकाळी, म्हणजे तुमच्या संध्याकाळी, इथेच लिहीन.